हिरवी बुगाटी, जी कधी नव्हतीच

आजचा थ्रेड एका लहानशा चित्राविषयी आहे. आकार जेमतेम ३५ सेंटिमीटर उंच आणि २७ सेंटिमीटर रुंद. म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या एका पानाहूनही लहान. लाकडी फळीवर तैलरंगात रंगवलेले. साल १९२९. चित्रकर्ती तमारा द लेम्पिका. विसाव्या शतकातील मोटारीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र कोणते, असे कुणी विचारले, तर बहुतेक जाणकार याच चित्राकडे बोट दाखवतील.

चित्रात एक स्त्री मोटारीच्या सुकाणूमागे बसली आहे. डोक्यावर घट्ट बसणारी चामडी टोपी, तिच्याखालून डोकावणारी सोनेरी बट, हातात कोपराकडे जाणारा लांब हातमोजा, गळ्याभोवती राखाडी स्कार्फ. ओठ लालभडक. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर मात्र थेट आपल्यावर रोखलेली. त्या नजरेत आमंत्रण नाही आणि रागही नाही. रस्ता ओलांडताना आपण मध्ये आलो असावे आणि तिने क्षणभर वेग कमी करून आपल्याकडे पाहिले असावे, एवढाच तिचा आपल्याशी संबंध. आणि या स्त्रीभोवती, चौकटीच्या कडांपर्यंत भिडलेला, हिरव्या पत्र्याचा तुकतुकीत विस्तार.

गंमत अशी, की या चित्रात शहर जवळजवळ नाहीच. रस्ता नाही, दिव्यांचे खांब नाहीत, कॅफे नाही. मोटारसुद्धा पुरती नाही. रेडिएटर दिसत नाही, चाके दिसत नाहीत. तरीही चित्र पाहणाऱ्याला पॅरिस दिसते. तेही नेमके दोन महायुद्धांमधले, श्रीमंत, रात्री उशिरापर्यंत जागणारे पॅरिस. न दाखवलेली गोष्ट आपल्याला का दिसते? आणि दाखवलेली मोटार तरी खरी आहे का? इतिहासाच्या अभ्यासकाने चित्राकडे साधन म्हणून पाहताना हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. नाही. तमाराकडे हिरवी बुगाटी कधीच नव्हती. तिच्याकडे होती एक छोटी पिवळी रेनो.

चित्राचा जन्म असा. बर्लिनमध्ये उलश्टाइन नावाचे प्रचंड प्रकाशनगृह होते. त्यांचे ‘डी डामे’ हे स्त्रियांसाठीचे उंची नियतकालिक फॅशन, नाटक, साहित्य, खेळ आणि मोटारी यांविषयीचा मजकूर उत्तम कागदावर छापत असे. या नियतकालिकाने तमाराकडे मुखपृष्ठासाठी आत्मचित्र मागितले. नव्या, स्वतंत्र स्त्रीचे चित्र हवे होते आणि ती स्त्री मोटार चालवणारी असावी, हे ओघानेच आले. जुलै १९२९च्या मुखपृष्ठावर हे चित्र झळकले. म्हणजे लक्षात घ्या, हे चित्र संग्रहालयासाठी काढलेले नाही. विक्रीच्या टपरीवर दहा मासिकांच्या गर्दीत नजर खेचून घेण्यासाठी काढलेले आहे. त्याची घट्ट चौकट, मोजके रंग, लांबूनही वाचता येणारा चेहरा या सगळ्यांचे मूळ त्या गरजेत आहे.

पिवळ्या रेनोची हकीकत तमारा स्वतः रंगवून सांगत असे. त्या गाडीला शोभतील असे पिवळे कपडे ती घाली. मोंपार्नास भागातल्या ‘ला रोतोंद’ कॅफेत मित्रमंडळींबरोबर बसली असताना एका रात्री ती गाडी चोरीला गेली, असेही ती सांगे. तमाराने स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टी जपून घ्याव्या लागतात. आपले जन्मसाल, जन्मगाव, घराण्याची हकीकत या सगळ्यांत ती आयुष्यभर फेरफार करत राहिली. पण रेनोविषयी खोटे सांगण्याचे तिला काही कारण दिसत नाही. थापा मारणारी माणसे सहसा लहान गाडीची थाप मारत नाहीत.

मग बुगाटीच का?

एत्तोरे बुगाटी हा मूळचा मिलानचा. वडील कार्लो हे विलक्षण घाटाचे फर्निचर घडवणारे कलावंत, धाकटा भाऊ रेंब्रां हा प्राण्यांची ब्राँझशिल्पे करणारा शिल्पकार. अशा घरातला हा मुलगा यंत्रांच्या नादी लागला आणि त्याने १९०९मध्ये अल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे स्वतःचा कारखाना काढला. तेव्हा अल्सास जर्मन साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे आले आणि बुगाटी ही फ्रेंच मोटार झाली. १९२४मध्ये त्याने ‘टाइप ३५’ ही शर्यतीची गाडी लियाँच्या ग्राँ प्रीमध्ये उतरवली. घोड्याच्या नालेच्या आकाराचा रेडिएटर आणि अ‍ॅल्युमिनियमची आरेदार चाके यांमुळे ती लांबूनही ओळखू येई. सिसिलीतल्या डोंगरवाटांवर चालणारी ‘तार्गा फ्लोरिओ’ ही त्या काळातली अतिशय खडतर शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगाटीने जिंकली.

थोडे विषयांतर करतो, कारण किस्सा सोडवत नाही. याच एत्तोरेने राजेमहाराजांसाठी म्हणून ‘रॉयाल’ नावाची एक अवाढव्य गाडी काढली. इंजिन पावणेतेरा लिटरांच्या आसपास. रेडिएटरच्या झाकणावर भाऊ रेंब्रां याने घडवलेला, सोंड उंचावून उभा असलेला हत्ती. रेंब्रांने १९१६मध्येच आत्महत्या केली होती. भावाने त्याची आठवण अशी गाडीच्या माथ्यावर ठेवली. पण पुढे जागतिक मंदी आली. सहाच रॉयाल बांधल्या गेल्या, गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या त्या तीन आणि त्यांतला एकही गिऱ्हाईक राजा नव्हता. पहिला घेणारा पॅरिसमधला तयार कपड्यांचा कारखानदार. आपण रात्री गाडी चालवत नाही, म्हणून त्याने पुढचे दिवे बसवू दिले नाहीत! उरलेली इंजिने शेवटी फ्रान्सच्या रेल्वेगाड्यांच्या कामी आली.

तर १९२९मध्ये ‘बुगाटी’ हा शब्द म्हणजे नुसते गाडीचे नाव नव्हते. वेग, पैसा, धोका आणि अभिरुची या चारही गोष्टी तो एकाच वेळी सुचवी. रेनो ही वकील-डॉक्टरांची गाडी होती. ‘डी डामे’च्या मुखपृष्ठावर रेनो शोभली नसती, हे तमाराला कुणी शिकवायला नको होते.

या शब्दाचा मोह किती जबर होता, याचे दुसरे उदाहरण तिच्या गळ्यातल्या स्कार्फपाशी सापडते. १४ सप्टेंबर १९२७ रोजी नीस शहरात विख्यात नर्तिका इसाडोरा डंकन उघड्या मोटारीत बसली. तिचा लांब रेशमी स्कार्फ मागच्या चाकात गुंतला आणि क्षणात तिचा अंत झाला. साऱ्या जगाने ती बातमी वाचली. आजही अनेक पुस्तकांत ‘इसाडोरा बुगाटीत मरण पावली’ असे छापलेले आढळते. प्रत्यक्षात ती गाडी अमिल्कार होती, एक हलकी आणि तुलनेने स्वस्त फ्रेंच स्पोर्ट्स गाडी. म्हणजे मृत्यूलाही लोकांनी बुगाटी बहाल केली. त्या अपघाताला दोन वर्षेही झाली नसताना तमाराने आपल्या चित्रात उडता स्कार्फ रंगवला. अनेक समीक्षकांना त्यात इसाडोराची आठवण दिसते. मलाही ती दिसते; पण तमाराने तसे म्हटल्याचा आधार नसल्याने एवढेच म्हणू, की १९२९च्या प्रेक्षकाला मोटारीतला स्कार्फ पाहून इसाडोरा आठवली नसेल, हे अशक्य आहे.

आता जरा मागे जाऊ. मोटारीत बसलेल्या स्त्रीचे हे पहिले चित्र नव्हे.

पॅरिसच्या पश्चिमेला ‘ब्वा द बुलोन्य’ नावाचे विस्तीर्ण उपवन आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे घोडागाडीतून फेरफटका मारणे हा उच्चभ्रूंचा रोजचा रिवाज होता. कुणाची गाडी कुठली, घोडे कसे, शेजारी कोण बसले आहे, हे पाहण्यासाठी आणि दाखवण्यासाठीच लोक तिथे जात. मोटार आली तीही आधी तिथेच मिरवली. अमेरिकेत जन्मलेला आणि पॅरिसमध्ये वाढलेला चित्रकार ज्युलियस स्ट्यूअर्ट याने १९०१मध्ये एक मोठे तैलचित्र काढले. गोल्डस्मिथ घराण्यातल्या स्त्रिया १८९७मध्ये याच उपवनातून लहानशा प्यूजो मोटारीतून चालल्या आहेत, असे ते दृश्य. आज ते कोंपियेन्यच्या राजवाड्यातील वाहनसंग्रहालयात आहे. स्वतः मोटार हाकणाऱ्या स्त्रिया त्यात आहेत, पण चित्राचे नाव सांगते, की या अमुक घराण्यातल्या स्त्रिया आहेत. घराणे आधी, मोटार नंतर.

याच उपवनात १८९८मध्ये द्युझेसच्या डचेसबाईंना वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड झाला. मर्यादा ताशी १२ किलोमीटर होती. बाई १५च्या वेगाने निघाल्या होत्या! फ्रान्समध्ये मोटार चालवण्याचा परवाना घेणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९२६मध्ये त्यांनी स्त्रियांचा वेगळा मोटारक्लब काढला, कारण पुरुषांच्या प्रतिष्ठित क्लबात स्त्रियांना प्रवेश नव्हता.

स्ट्यूअर्टच्या आणि तमाराच्या चित्रांत २८ वर्षांचे अंतर आहे. तेवढ्यात एक महायुद्ध झाले. लाखो पुरुष मेले, स्त्रियांनी कारखाने चालवले, रुग्णवाहिका चालवल्या. झगे आखूड झाले, केस कापले गेले. पण कायदा? तमारा ज्या फ्रान्समध्ये राहत होती, तिथे स्त्रीला मताधिकार नव्हता. तो १९४४मध्ये मिळाला आणि स्त्रियांनी पहिले मत १९४५मध्ये दिले. विवाहित स्त्री कायद्याच्या दृष्टीने ‘अक्षम’ मानण्याची नेपोलियनकालीन तरतूद १९३८पर्यंत टिकून होती. उलट ‘डी डामे’ जिथे विकले जाई, त्या जर्मनीत स्त्रिया १९१९पासून मतदान करत होत्या. मुखपृष्ठावर स्वातंत्र्याची मूर्ती म्हणून झळकणाऱ्या बाईला स्वतःच्या राहत्या शहरात मत नव्हते आणि तिचे चित्र विकत घेणाऱ्या बर्लिनच्या टंकलेखिकेला ते होते. हा विरोधाभास चित्रात कुठेच दिसत नाही. म्हणूनच तो माहीत असला पाहिजे.

ही तमारा कोण होती? पोलिश वंशाची, रशियन साम्राज्यात वाढलेली, सुखवस्तू घरातली मुलगी. १९१६मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये तादेउश लेम्पित्स्की या देखण्या वकिलाशी तिचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी क्रांती झाली. बोल्शेव्हिकांच्या गुप्त पोलिसांनी नवऱ्याला उचलून नेले. तुरुंगांचे उंबरे झिजवून, परदेशी वकिलातीतल्या ओळखी वापरून तिने त्याला सोडवले आणि कुटुंब फिरत फिरत पॅरिसला आले. सर्वस्व गमावलेले हजारो रशियन निर्वासित तेव्हा पॅरिसमध्ये होते. काल ज्यांच्या दारी गाड्या होत्या, ते आज टॅक्सी चालवत होते. नवरा काही काम करेना. दागिने विकून दिवस चालले होते. अखेर धाकटी बहीण आद्रियेन हिच्या सांगण्यावरून तमारा चित्रकला शिकू लागली. आद्रियेन स्वतः पुढे वास्तुरचनाकार झाली.

मोरिस दनी आणि आंद्रे लोत हे तिचे गुरू. लोतकडून तिने क्यूबिझमची कोनाकोनांची भाषा घेतली, पण तिची धार बोथट करून. पिकासोच्या चित्रात चेहरा फुटतो. तमाराच्या चित्रात तो फक्त पैलू पाडल्यासारखा होतो. त्यावर तिने इटालियन प्रबोधनकाळातल्या चित्रांची गुळगुळीत कांती चढवली. तिच्या चित्रांतले कापड पत्र्यासारखे दिसते आणि पत्रा कातडीसारखा. या आत्मचित्रात टोपी, हातमोजा आणि गाडीचे दार यांचे पृष्ठभाग एकाच हाताने घासून पुसून ठेवल्यासारखे आहेत. बाई कुठे संपते आणि गाडी कुठे सुरू होते, हे रंग सांगतो, पोत सांगत नाही.

इटलीतल्या फ्यूचरिस्टांशी तिची तुलना केली जाते. मारिनेत्तीने फेब्रुवारी १९०९मध्ये पॅरिसच्या ‘ल फिगारो’त जाहीरनामा छापून गर्जणाऱ्या मोटारीला प्राचीन ग्रीक शिल्पाहून सुंदर ठरवले होते. पुढे बाल्ला, रुसोलो यांनी धावत्या मोटारी रंगवल्या. त्यांत गाडी हरवते आणि वेगाच्या रेषाच उरतात. त्यांतल्या गाडीत कोण बसले आहे, हे कधी कळत नाही. तमाराला वेगात रस नव्हता. तिची मोटार धावते आहे, याची खूण तो एक स्कार्फ. बाकी सारे शांत. गाडीच्या दारावर मात्र तिने आपल्या नावाची आद्याक्षरे रंगवली आहेत. पूर्वीचे सरदार बग्गीवर आपले मानचिन्ह काढून घेत, तसे. घरदार गमावून आलेल्या निर्वासित बाईने, स्वतःची नसलेल्या गाडीवर, स्वतःचे मानचिन्ह काढले! या चित्रातली मला सर्वांत बोलकी वाटणारी जागा ती हीच. चित्र पूर्ण होण्याच्या सुमारास तिचा संसारही मोडला होता.

मराठी इतिहासाच्या वाचकाला एक ओळखीचे उदाहरण देतो. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक आपण जाणतो. बखरीतली तिथी, सैन्याचा आकडा, संवाद यांवर आपण आंधळा विश्वास ठेवत नाही. पण म्हणून बखर फेकून देत नाही. लिहिणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला काय खरे व्हावेसे वाटत होते, हे तिच्यातून कळते. तमाराचे चित्र ही बखर आहे. मग त्याच वर्षाची पत्रे कोणती? ती पाहूच.

पहिले पत्र: एलिश्का युन्कोव्हा. चेकोस्लोव्हाकियातली, बँकेत काम केलेली. बँकर असलेल्या नवऱ्याच्या हाताला महायुद्धात इजा झाल्यामुळे त्याला गिअर टाकणे जड जाई, म्हणून सुकाणू तिच्याकडे आले. मे १९२८च्या तार्गा फ्लोरिओत ती बुगाटी घेऊन उतरली. शर्यतीआधी तिने त्या डोंगरवाटेचा पायी फिरून अभ्यास केला होता. दुसऱ्या फेरीच्या अखेरीस ती युरोपातल्या नामांकित चालकांना मागे टाकून चक्क पहिली होती. शेवटी गाडीने दगा दिला, तरी पाचवी आली. दोन महिन्यांनी नवरा न्यूरबुर्गरिंगच्या शर्यतीत अपघातात गेला आणि तिने शर्यती कायमच्या सोडल्या.

दुसरे पत्र: क्लेरेनोरे श्टिनेस. जर्मन उद्योगपतीची मुलगी. मे १९२७मध्ये फ्रांकफुर्टहून जर्मन बनावटीची आडलर गाडी घेऊन ती जगप्रदक्षिणेला निघाली. सोबत एक मालमोटार, दोन मेकॅनिक आणि कार्ल-अक्सेल सॉडरस्ट्रोम हा स्वीडिश छायाचित्रकार. सामानात पिस्तुले होती, ढीगभर उकडलेली अंडी होती आणि समारंभात घालायचे झगेही होते. मेकॅनिक वाटेतच परतले. ही दोघे गोठलेल्या बैकाल सरोवरावरून, गोबीच्या वाळवंटातून, अँडीज पर्वतातून गाडी काढत ४६,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून २४ जून १९२९ रोजी बर्लिनला पोहोचली. तारीख पुन्हा वाचा. त्याच शहरातल्या टपऱ्यांवर ‘डी डामे’चा तो जुलैचा अंक मांडला जाण्याचे हेच दिवस. धुळीने माखलेली खरी गाडी आणि तुकतुकीत रंगवलेली गाडी एकाच आठवड्याच्या अंतराने बर्लिनकरांसमोर आल्या. आज जगाला त्यांतली दुसरी आठवते.

तिसरे पत्र सर्वांत जिव्हारी लागणारे. मारिएत एलेन दलांग्ल ही शार्त्रजवळच्या खेड्यातल्या टपालवाल्याची मुलगी. पॅरिसच्या रंगभूमीवर ‘एले नीस’ या नावाने नर्तकी म्हणून गाजली. बर्फावर घसरताना गुडघा जायबंदी झाला, नाच संपला. मग तिने मोटार हाती घेतली. जून १९२९मध्ये पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या धावपट्टीवर स्त्रियांची शर्यत तिने जिंकली. डिसेंबरमध्ये त्याच धावपट्टीवर बुगाटी टाइप ३५ चालवून ताशी १९० किलोमीटरांहून अधिक सरासरी वेगाचा स्त्रियांचा विक्रम केला. म्हणजे ज्या वर्षी तमाराने कल्पनेतल्या बुगाटीत स्वतःला बसवले, त्याच वर्षी, त्याच शहराच्या वेशीवर, एक बाई खऱ्या बुगाटीत बसली होती. तिच्याकडे परत येऊच.

आणखी एक जुळणारी तारीख. १४ एप्रिल १९२९ रोजी मोनाकोची पहिली ग्राँ प्री झाली. जिंकणारी गाडी बुगाटी, आणि रंग हिरवा. एरवी फ्रेंच गाड्या निळ्या असत. हिरवा हा इंग्लंडचा रंग. ती चालवत होता विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, इंग्रज बापाचा आणि फ्रेंच आईचा मुलगा. हा पूर्वी सर विल्यम ऑर्पेन या नामवंत चित्रकाराच्या रोल्स-रॉइसचा शोफर होता. यावरून तमाराने हिरवा रंग घेतला, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. तसा पुरावा नाही. पण विल्यम्सचे पुढे काय झाले, ते सांगायलाच हवे. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश गुप्त संघटनेतर्फे व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरला. बुगाटीचे आणखी दोन शर्यतपटू, रोबेर बन्वा आणि जाँ-प्येर विमिय, त्याच्या गटात होते. विल्यम्स पकडला गेला आणि १९४५मध्ये झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत मारला गेला. बन्वाला त्याआधी बुखेनवाल्डमध्ये ठार केले होते.

या पॅरिसमध्ये एक मराठी राजाही वावरत होता. १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर मोटारीने फिरायला निघालेल्या अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याचा खून झाला. सोबत असलेल्या मुमताज बेगमला पळवण्याचा मारेकऱ्यांचा डाव होता. त्या प्रकरणाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले, तुकोजीराव होळकरांना १९२६मध्ये पदत्याग करावा लागला आणि १७ वर्षांचे यशवंतराव गादीवर आले. १९२९मध्ये पॅरिसच्या बेर्नार बुते द मोंवेल याने त्यांचे पाश्चात्त्य वेशातले व्यक्तिचित्र रंगवले: काळा पोशाख, लांबसडक आकृती, मोटारीच्या बॉनेटसारखी स्वच्छ रेषा. काही वर्षांनी त्याच चित्रकाराने त्यांना मराठेशाही पोशाखात, पगडीसह रंगवले. यशवंतरावांना मोटारींचा अतोनात षोक होता. १९३०च्या दशकात त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागवून तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याकडून बॉडी बांधून घेतली. ती गाडी आज जगातल्या बहुमोल जुन्या मोटारींत गणली जाते. तमाराला स्वतःचे असे चित्र कल्पून काढावे लागले. होळकरांकडे चित्र होते आणि गाडीही होती. फरक दौलतीचा, आणि ती दौलत माळव्यातल्या रयतेच्या महसुलातून आलेली, हेही विसरू नये.

ऑक्टोबर १९२९मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मुखपृष्ठ येऊन जेमतेम तीन-चार महिने झाले होते. जर्मनीत बेकारी वाढली, पुढे हिटलर आला. उलश्टाइन हे ज्यू कुटुंब. १९३४मध्ये त्यांना आपले प्रकाशनगृह कवडीमोलाने सोडून द्यावे लागले. ‘डी डामे’ नव्या मालकांच्या हाताखाली १९४३पर्यंत निघत राहिले. तमाराने बॅरन राउल कुफ्नर या हंगेरियन जमीनदाराशी विवाह केला आणि युरोपातले वारे ओळखून १९३९मध्ये अमेरिका गाठली. तिचे स्वतःचे घराणेही ज्यू वंशाचे होते. ही गोष्ट तिने आयुष्यभर झाकून ठेवली. १९२९ची ती थंड नजर पुन्हा पाहा. एकदा घर सुटलेल्या आणि पुन्हा सुटू शकेल हे जाणणाऱ्या बाईची ती नजर आहे, असे मला वाटते. तुम्हांला तसे वाटलेच पाहिजे, असा आग्रह नाही.

युद्धानंतर अमूर्त चित्रकलेची लाट आली आणि तमारा जुनाट ठरली. १९७२मध्ये पॅरिसमधल्या एका प्रदर्शनाने तिला पुन्हा उजेडात आणले. १९८०मध्ये मेक्सिकोत तिचे निधन झाले. तिच्या इच्छेप्रमाणे मुलीने तिची राख पोपोकातेपेत्ल या ज्वालामुखीवर उधळली. त्यानंतर मॅडोना या गायिकेने तिची चित्रे जमवली, आपल्या व्हिडिओंत वापरली. २०२०मध्ये तिचे एक व्यक्तिचित्र लंडनमध्ये १ कोटी ६० लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. हिरव्या बुगाटीचे चित्र खासगी संग्रहात आहे. बहुतेकांनी ते पाहिले आहे ते मुखपृष्ठांवर आणि भित्तिपत्रकांवर. म्हणजे ज्या कामासाठी ते काढले होते, तेच काम ते अजून करते आहे.

आता एले नीस. १९३६मध्ये साओ पाउलोच्या शर्यतीत तिची गाडी प्रेक्षकांत घुसली; काही माणसे मेली, ती स्वतः अनेक दिवस बेशुद्ध होती. युद्धानंतर, १९४९मध्ये, मोंते कार्लो रॅलीच्या मेजवानीत लुई शिरों या विख्यात शर्यतपटूने भर सभेत तिच्यावर गेस्टापोची हस्तक असल्याचा आरोप केला. आरोपाला पुरावा आजवर सापडलेला नाही. पण त्या एका वाक्याने तिचे सारे संपले. पुरस्कर्ते गेले, मित्र गेले, साठवलेला पैसा गेला. नीस शहरातल्या एका खोलीत, गरजू कलावंतांना मदत करणाऱ्या संस्थेच्या आधारावर तिने अखेरची वर्षे काढली. १९८४मध्ये ती वारली. राख सेंत-मेम या गावी आईवडिलांच्या थडग्यात ठेवली गेली. घरच्यांनी दगडावर तिचे नाव कोरले नाही. नावाची पाटी तिथे लागली ती २०१०मध्ये.